निशाण मी बांधलं

गणपततात्यानं मला फसवलं. तो गावचा मानकरी होता, पांढरं धोतर नेसायचा, कपाळभर भंडारा लावायचा आणि त्यानं देवाच्या दारात एका पोरीला फसवलं. निशाणाचा कडा मी चढले, निशाण मी बांधलं, आणि नाव पुकारलं गेलं त्याच्या पोराचं, हरीचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी गोष्ट रंगवत नेऊन शेवटी काहीतरी काढणार असं कोणाला वाटायला नको. मी जन्मभर बाजार केला आहे. माल आधी उघडा करून दाखवायचा, बोलणं नंतर, ही माझी रीत.

आमचं गाव औंढ्याच्या डोंगरांना लागून, शिरड शहापूरकडे उतरणाऱ्या अंगाला. घर म्हणजे दोन खणांचं, पुढं पडवी, आणि पडवीपेक्षा मोठा शेळ्यांचा वाडगा. आमच्या घरात पहाटे कोंबडा आरवायच्या आधी शेळ्याच उठायच्या. एकीनं घंटी हलवली की सगळ्या हलवायच्या, मग करडं ओरडायची, मग आईची भाकर परातीत थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. थप, थप, थप, आणि मधेच चुलीतल्या पऱ्हाटीचा कडकडाट. ज्वारीची भाकर, कारळाची चटणी, कधी अंबाडीची भाजी आणि वाटीभर शेळीचं दूध, एवढं खाऊन मी शेळ्या घेऊन डोंगराला लागायची. आई म्हणायची, "कौसे, शेळी जिथं जाईल तिथं जायाची गरज न्हाई. शेळीला चार पाय हायेत." मी म्हणायची, "मला बी चार हायेत, दोन वरचे." कपारीत अडकलेलं करडू काढायला मी कुठंही शिरायची. पण ते नुसतं धडपडणं होतं. गुडघे फुटायचे, बोटं सोलायची. त्याला चढणं म्हणत नाहीत, हे मला शंकरमामानं शिकवलं.

शंकरमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. फौजेत होता, डोंगरी तुकडीत. पोरांना कडे चढायला शिकवायचं काम त्यानं बरीच वर्षं केलं होतं. पेन्शन घेऊन मामीसकट आमच्याकडं राहायला आला तेव्हा ट्रंकेत गरम कपडे होते, कॅनव्हासचे बूट होते, लोखंडी कड्या होत्या आणि एक निळी दोरी होती. ती दोरी तो रोज संध्याकाळी पडवीत बसून बोटांनी तपासायचा, आई तांदूळ निवडते तशी. मी विचारलं, "मामा, एवढी काहून बघून राहिलास?" तो म्हणाला, "बायकोवर एकवेळ आंधळा विश्वास ठेवीन, दोरीवर न्हाई." मामी आतून म्हणाली, "ऐकलं बरं का मी." त्याच दिवशी मी त्याच्या मागं लागले. मला शिकव. तो म्हणाला, तुला काय करायचं शिकून. मी म्हणाले, तुला रोज ताकाचा तांब्या लागतो की न्हाई? तो मी आणते की न्हाई? सौदा तिथल्या तिथं जमला.

त्यानं पहिला आठवडा मला चढूच दिलं नाही. नुसतं दगडांना हात लावत फिरवलं. म्हणाला, "माणसं बघतात किती उंच हाय. तू बघ, कशाचं हाय." आमचा डोंगर बाहेरून सगळा काळा दिसतो, पण तो थराथरांचा आहे. विहीर खणणारा कोणीही हे सांगेल. खाली टणक काळा पाषाण, त्यावर भोकाभोकांचा मांजऱ्या, मधे कुठं तरी विटेसारखा लाल गेरूचा पट्टा, आणि त्यावर पुन्हा काळा पाषाण. मामाचं म्हणणं असं की प्रत्येक दगडाशी बोलायची भाषा वेगळी. काळा पाषाण गुळगुळीत आणि उतरता असेल तर त्याला मिठी मारायची नाही. माणूस घाबरला की दगडाला चिकटतो, आणि चिकटला की पाय निसटतो. अंग दगडापासून बाहेर, टाचा खाली, सगळं वजन पावलांवर, तळवे नुसते टेकलेले. मी पहिल्यांदा तसं उभी राहिले तेव्हा माझा माझ्यावर विश्वास बसेना. धरायला काही नाही, आणि मी उभी! मी वरून ओरडले, "मामा, मी पालीवानी चिकटले!" तो खालून म्हणाला, "पाल गप राहती. चाल पुढं."

मग भेगा. काळा पाषाण उभा तडकतो, दोन खांब एकमेकांना टेकवून ठेवावेत तसा. त्या भेगेत धरायला कड नसते. मामानं शिकवलं की हात सरळ आत घालायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा आणि मूठ फुगवायची. हात पाचरीसारखा बसतो. पायसुद्धा तसाच, आडवा घालून मग पिळायचा. दुखतं. हाताची पाठ सोलते. पण एकदा मूठ बसली की म्हशीनं ओढलं तरी निघत नाही, आणि ती बसल्याचं कळतं तो क्षण काय सांगू! आजही कुठं भिंतीला तडा दिसला की माझी मूठ आपोआप वळते. सून म्हणते, आत्याबाई, कोणावर रागावल्या? राग तर आहेच, पण त्या वेळी तो कारण नसतो.

मांजऱ्याची गंमत उलटी. तिथं भोकंच भोकं, बोटं घालायला हवी तेवढी जागा, आणि म्हणून तोच दगड नवशिक्याला मारतो. त्याला कधी बाहेर ओढायचं नाही, खाली दाबायचं. आधी बोटाच्या पेरानं ठोकायचं. ठण्ण वाजला तर घरचा, भद्द वाजला तर दारचा. आणि तीन जागा घट्ट धरल्याशिवाय चौथी सोडायची नाही. राहिला गेरू. त्याच्याबद्दल मामाचं एकच वाक्य होतं, "लाल दिसला की समज दगड संपला, माती लागली. तिथं वजन टाकायचं न्हाई." दुपारच्या वेळी ताक पिता पिता तो दूरदूरचे दगडही सांगायचा. राजस्थानातला वाळूचा दगड पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कसा कच्चा राहतो, वरून वाळलेला दिसला तरी त्याला हात लावायचा नाही. हिमालयातला दाणेदार दगड पावलाला कसा पकडतो आणि बोटांची सालं कशी काढतो. चुन्याच्या दगडातली भोकं हात लागून लागून आरशासारखी गुळगुळीत कशी होतात. मी तोंड उघडं टाकून ऐकायची. जग म्हणजे बाजाराची गावं असं मला तोवर वाटायचं. दगडाचंही एक जग आहे हे कळलं आणि माझी झोप उडाली.

आता निशाणाचं सांगते. गावामागच्या कड्याच्या माथ्यावर खंडोबाचं ठाणं आहे. चंपाषष्ठीला तिथं निशाण बांधायचं, आणि ज्यानं बांधलं त्याचं नाव खाली ढोलवाल्यानं साऱ्या जत्रेसमोर पुकारायचं. ज्या घरातलं माणूस निशाण बांधील त्या घराकडं मान. पहिला नैवेद्य त्यांचा, कड्याखालच्या देवळाच्या ओट्यावर पहिली जागा त्यांची, गावाच्या बैठकीत पहिला शब्द त्यांचा. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, बैठकीत नेहमी मागं, जोड्यांजवळ बसायचे. त्यांना बोलता यायचं नाही असं नाही. त्यांना कोणी विचारायचंच नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात व्यापारी त्यांच्या बोकडाला नावं ठेवायचा आणि बा मान डोलवायचे. मी मधे पडून भांडायची. पण गावात मधे पडायला मला जागा नव्हती. मान कैक वर्षं गणपततात्याच्या घरी होता. कड्याच्या बाजूला एक घळ होती, तिच्यात खोदलेल्या पायऱ्या होत्या, तात्याचा हरी तिथून आरामात चढून जायचा. एका पावसाळ्यात ती घळ पायऱ्यांसकट कोसळली. आता माथ्यावर जायला राहिला तो समोरचा उभा कडा.

हरी एकदा चढायला गेला. पुरुषभर चढला आणि दगडाला मिठी मारून बसला. चार माणसांनी खांदे देऊन उतरवला. निशाण चुकलं तर मान पहिल्यांदा जो कोणी बांधील त्याच्याकडं जाणार, ही जुनी रीत. शेजारच्या गावची पोरं येऊन कडा बघून गेली होती. तात्याची झोप उडाली. अशात मी मामासोबत तो कडा तुकड्यातुकड्यानं चढून बघत होते हे त्याला कळलं आणि एक दिवस तो आमच्या पडवीत आला. आईनं घोंगडी टाकली. कधी न येणारा माणूस बसला, आणि गुळाचा चहा बशीत ओतून म्हणाला, "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. कौसे, तू चढशील म्हणं?"

बा काही बोलायच्या आत मी बोलले. "चढीन. पर नाव माझं पुकारायचं. अन् मान आमच्या घरी."

"पोरीचं नाव?" तात्या हसला. "आजवर असं झालं न्हाई."

"आजवर घळ बी पडली नव्हती, तात्या."

मामा दाराआड हसला, ते मला ऐकू आलं. तात्यानं खूप घासाघीस केली. नाव बापाचं पुकारू. मान अर्धा अर्धा करू. पुढच्या साली बघू. मी एक पाऊल मागं सरले नाही. शेवटी म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं." मी म्हणाले, तोंडी न्हाई, भंडारा उचला. आमच्यात भंडारा उचलला की शब्द संपला, त्यावर कोणी जात नाही. आम्ही तसेच उठून कड्याखालच्या देवळाकडं गेलो. तात्यानं दारातूनच वाकून भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "कौसानं निशाण बांधलं तर नाव कौसाचं, मान तिच्या बापाच्या घरी." ऊन उतरत होतं आणि कडा तांबूस झाला होता. मी तात्याकडं बघतच नव्हते. मी त्या लाल पट्ट्याच्या वरची काळी कड शोधत होते, तिथं हात पोचेल का याचा हिशेब करत होते.

चंपाषष्ठीच्या सकाळी तात्यानं निरोप दिला, जत्रा भरायच्या आधी चढ, दगड सुटला तर लोकांच्या डोक्यात पडंल. बोलणं बरोबर होतं, मामालाही पटलं. कड्याखाली आम्ही मोजकेच होतो. मी, मामा, बा, तात्या, हरी आणि ढोलवाला. खालून गावातून वांगी भाजल्याचा वास येत होता, घरोघरी भरीत आणि रोडग्याची तयारी. मी बाचं धोतर काचा मारून नेसले होते, पायात मामाचे बूट, पुढं चिंध्या कोंबलेले. कमरेला निळी दोरी, तिचं दुसरं टोक मामाच्या हातात. पाठीला निशाण. बा जवळ आले, माझ्या कमरेची गाठ त्यांनी उगाच एकदा ओढून बघितली आणि म्हणाले, "उतरून ये म्हंजे झालं."

उतरता काळा पाषाण मी चालत गेले. अक्षरशः चालत! टाचा खाली, छाती बाहेर, तोंडावर थंड वारा. मग भेग. उजवी मूठ, डावा पाय, डावी मूठ, उजवा पाय. भेगेत एक दगडाचं शिंग होतं, त्याला फास टाकून कडी अडकवली, कडीतून दोरी घातली. आता पडले तरी तिथवरच लोंबेन. खाली मामानं दोरी एकदा हलवून शाबासकी दिली. मांजऱ्या लागला तेव्हा मला गाणं म्हणावंसं वाटलं. ठोक, ऐक, दाब. ठोक, ऐक, दाब. एक भोक भद्द वाजलं, ते सोडलं. दुसऱ्यात पांढरे खडे चमकत होते, बोट कापलं, रक्त धोतराला पुसलं. आणि मग तो लाल पट्टा आला. तो पावसानं झिजून आत गेला होता आणि त्याच्या वरचा काळा दगड कपाळासारखा बाहेर आला होता. मांजऱ्याच्या वरच्या ओठावर, ओट्यावर चढतो तसे दोन्ही तळवे दाबून मी अंग उचललं आणि उभी राहिले. छातीसमोर गेरू, तोंडात लाल धूळ, पावलांचा फक्त पुढचा भाग दगडावर. डावा हात वर केला. काही नाही. आणखी वर. काही नाही. पिंडऱ्या शिवणयंत्रासारख्या थरथरायला लागल्या. मामा खालून शांतपणे म्हणाला, "टाचा खाली घे, कौसे. श्वास सोड." मी सोडला. अंग बोटभर सैल झालं आणि तेवढ्यानं बोटांना कड लागली. भाकरीच्या काठाएवढी असेल, पण ठण्ण! मी चारही बोटं तिच्यावर दाबली, उजवा पाय गेरूला न लावता त्याच्यावरून थेट काळ्या दगडावर टाकला आणि उचलले गेले. ते मी केलं असं मला आजही वाटत नाही, ते झालं. वर दोन दगडांमधे धुराड्यासारखी उभी फट होती, मामा तिला चिमणी म्हणायचा. पाठ एकीकडं, पाय दुसरीकडं, जातं फिरवावं तसं सावकाश सरकत मी माथ्यावर डोकं काढलं. औंढ्यापर्यंतचं सगळं रान खाली पसरलं होतं, आणि मी किंचाळले, "येळकोट येळकोट जय मल्हार!" इतका आनंद मला नंतर लग्नात झाला नाही, लेकरांच्या जन्मात झाला नाही. सुनेनं वाचलं तर वाचू दे.

दोरी माथ्यावरच्या उंबराला बांधली, निशाण ठाण्यापुढच्या काठीला बांधलं. खालून तात्या ओरडला, "दोरी घट्ट हाय का? हऱ्याला नारळ घेऊन पाठवतो. पूजा मानकऱ्यानं करायची!" आजवर मान त्यांच्याच घरी, मला त्यात काही खोटं दिसलं नाही. मी दोरी खाली सोडली. हरी तिला लोंबकळत, घसपटत, मी वरून खेचत, एकदाचा वर आला. घामानं निथळत होता. तोवर जत्रा गोळा होत आली होती. त्यानं नारळ फोडला, निशाणाच्या काठीला हात लावून कड्याच्या टोकाला उभा राहिला, आणि खाली ढोल वाजला. "निशाण कोणाचं?" तात्यानं विचारलं. "हरी गणपताचं!" ढोलवाल्यानं पुकारलं. तीनदा. मी ओरडत होते, माझं नाव ओरडत होते, पण ढोलापुढं माझा आवाज कुठवर जाणार? हरी माझ्याकडं बघेना. मी म्हणाले, "हऱ्या, सांग त्यांना." तो म्हणाला, "मी काय सांगू कौसाताई, दादाला इचार." बापाला तो दादा म्हणायचा.

मी दोरीनं उतरले ती थेट तात्यासमोर. "भंडारा उचलला व्हता तुमी!"

"उचलला व्हता," तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पर माझ्या पायात पायताण व्हतं. पायताण घालून उचललेला भंडारा लागत न्हाई. दारातूनच उचलला, बघितलं न्हाईस का?" लोक हसले. हे त्यानं ठरवून केलं होतं. चहा पितानाच ठरवलं असणार. मामा पुढं झाला, "मी सोता दोरी धरली व्हती, पोरगी चढली," तर दोघातिघांनी त्याला अडवलं. "पाव्हणं, गावच्या मानात पाव्हण्यानं बोलू न्हाई." मामाचा चेहरा मी पाहिला. ज्या माणसानं बर्फाच्या कड्यांवर पोरं लोंबकळताना धरून ठेवली, तो आमच्या गावात एक वाक्य पुरं करू शकला नाही. बा म्हणाले, "चल कौसे." घरी भरीत-रोडगा तसाच पडून राहिला. त्या साली बा बैठकीत पुन्हा जोड्यांजवळ बसले, आणि मरेपर्यंत तिथंच बसले. माझा सगळा राग हाच आहे. माझं नाव नसतं पुकारलं तरी मी गिळलं असतं. तो माणूस एकदा तरी ओट्यावर बसायला हवा होता.

मी पुढं बाळापुरात शेळ्यांचा व्यापार केला, जनावरांसाठी सरकीच्या ढेपेचं दुकान काढलं, घर बांधलं. माझ्याशी सौदा करायला येणाऱ्याला मी आधी चपला काढायला लावते, लोकांना वाटतं दुकानात लक्ष्मी आहे म्हणून. आता त्या कड्यावर रविवारी नांदेडची पोरं-पोरी येतात. डोक्यावर टोप्या, कमरेला पट्टे, हाताला खडूची पूड. गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन मी बघायला गेले. एक मुलगी लाल पट्ट्याखाली अडकली होती, पिंडऱ्या थरथरत होत्या. मी खालून ओरडले, "टाचा खाली घे बाई, श्वास सोड!" तिनं घेतल्या, आणि हात पोचला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, जणू मीच वर गेले. मग नातीनं कड्याखालची पाटी वाचून दाखवली. गावानं लावलेली, रंगवलेली. कडा सर्वप्रथम चढून निशाण बांधणारे हरिभाऊ, त्यांच्या नावानं ही वाट. पोरं त्यांना टाळ्या वाजवून बोलावतात म्हणे, ते खुर्चीवर बसून चढाईच्या गोष्टी सांगतात.

हरिभाऊ, तात्या गेले, ढोलवाला गेला, मामा गेला, माझे बा गेले. त्या सकाळी कड्याखाली असलेल्यांपैकी आता तुम्ही आणि मी उरलो. तेव्हा तुम्ही बापाकडं बोट दाखवलं होतं, ते मी एकवेळ समजू शकते. पण पाटी लागली तेव्हा बाप नव्हता. टाळ्या तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकल्या. त्या पोरांना तुम्ही काय सांगता? भेगेत कोणता हात आधी घातला म्हणून सांगता? येत्या चंपाषष्ठीला मी गावात येणार आहे. जत्रा भरलेली असेल तेव्हा ओट्यावर उभं राहा, माझ्या बाचं नाव घ्या आणि सगळ्यांसमोर बोला, हरिभाऊ: ते निशाण कोणी बांधलं?